दार लावून बोलण्याची जागा

समुपदेशकाकडे आलेले आईवडील बहुधा मुलापासूनच सुरुवात करतात. मुलगा मोबाइल सोडत नाही, मुलगी खोलीतून बाहेर येत नाही, दहावीचे वर्ष असूनही पुस्तकाला हात लावत नाही, काही विचारले की अंगावर येते. समुपदेशक ऐकतो, अधूनमधून एखादा प्रश्न विचारतो आणि बोलणे हळूहळू वळते. नोकरी गेल्याचे घरात अजून सांगितलेले नसते. सासूबाईंच्या आजारपणात कित्येक महिने सलग झोप मिळालेली नसते. लहानपणी वडिलांच्या हातचा जो मार खाल्ला, त्याची आठवण स्वतःच्या मुलावर हात उगारताना अंगभर पसरते. मदत मुलासाठी मागितलेली असते. ती आपल्यालाही हवी आहे, हे बोलता बोलता उमगते. मुलाच्या भल्यासाठी कोणाचेही दार वाजवायला तयार असलेले आईवडील स्वतःच्या मनासाठी मात्र दवाखान्याची पायरी चढत नाहीत. अशा पालकांविषयी, आणि मुले असोत वा नसोत, ताण व आघात सोसत जगणाऱ्या प्रौढ माणसांविषयी हे पुस्तक आहे. फोन, व्हिडिओ आणि लेखी संवादातून त्यांच्यापर्यंत पोहोचणारे समुपदेशन हा त्याचा विषय.

पुण्यात हे समुपदेशन आता रुळले आहे. हिंजवडीहून परतणारा अभियंता घरी जाण्याआधी गाडी कडेला लावून समुपदेशकाशी बोलतो. स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा मराठवाड्यातला मुलगा त्यासाठी गच्चीवर जातो. कोथरूडमध्ये एकट्या राहणाऱ्या आजींना परदेशातला मुलगा व्हिडिओ कॉल जोडून देतो, आणि परदेशातली एखादी सून तिथली रात्र जागून पुण्यातली मराठी बोलणारी समुपदेशक शोधते. कारण सासर-माहेरच्या गोष्टी इंग्रजीत सांगताना अर्ध्याच सांगून होतात. या सगळ्यांत एक बदल समान आहे. समुपदेशन घरात आले आहे. ताण बहुतेक वेळा घरातच साचतो, आघातही पुष्कळदा घरातच झालेला असतो. आता आधारही त्याच चार भिंतींत येऊन पोहोचतो. या माध्यमाचे सारे बळ आणि त्याचे सारे धोके इथूनच निघतात, हे या पुस्तकाचे मध्यवर्ती म्हणणे आहे.

या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या वाचकाने काही फरक आधी लक्षात घ्यावेत. कर्जाच्या हप्त्यांचा, परीक्षेचा, कामाच्या मुदतीचा ताण परिस्थिती निवळली की पुष्कळसा उतरतो. तो वर्षानुवर्षे उतरला नाही, तर झोप, भूक, रक्तदाब आणि नाती या सगळ्यांवर त्याचा ओरखडा उमटतो. आघाताचे तसे नाही. अपघात, लैंगिक अत्याचार, जवळच्या माणसाचा अकस्मात मृत्यू, लहानपणापासूनची मारहाण यांत घटना संपून गेलेली असते. शरीर मात्र ती संपल्याचे मानत नाही. दार आपटले तरी माणूस दचकतो, रात्री घामाघूम होऊन उठतो, एखादा रस्ता कायमचा टाळतो किंवा काहीच वाटेनासे होते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० मध्ये आघातोत्तर ताणविकाराला स्वतंत्र निदान म्हणून मान्यता दिली. व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा आग्रह त्यामागे होता, आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांना बोलते करणाऱ्या स्त्री चळवळीनेही त्याच काळात या दुखण्याकडे समाजाचे लक्ष वेधले होते.

मदत करणारेही सगळे एक नसतात. मनोविकारतज्ज्ञ हे डॉक्टर असतात आणि औषधे देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते. समुपदेशकाचे प्रशिक्षण मुख्यतः संवादाच्या, नात्यांच्या आणि रोजच्या जगण्यातील पेचांच्या हाताळणीचे असते. कोणत्या दुखण्यासाठी कोणाकडे जावे हे कळले, तर निम्मी वणवण वाचते.

दूर बसून मनाला आधार देण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा पुष्कळ जुनी आहे. सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ मध्ये घोड्यांना घाबरणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाची हकिगत प्रसिद्ध केली. त्या मुलावरचे बहुतेक काम त्याच्या वडिलांच्या मार्फत, पत्रे आणि टिपणे यांच्या आधारे झाले. या उपचारासाठी फ्रॉइड मुलाला एकदाच भेटले. पालकाला हाताशी धरून दुरून केलेले हे काम आजही अभ्यासण्याजोगे आहे. १९५३ मध्ये लंडनमधील चॅड व्हारा या धर्मगुरूंनी आत्महत्येच्या विचारात असलेल्यांसाठी चर्चमध्ये एक टेलिफोन ठेवला. व्हारा यांच्या भेटीची वाट पाहत बसलेल्या माणसांशी चहा देता देता बोलणारे स्वयंसेवकच पुष्कळांना पुरेसे पडतात, हे त्यांच्या ध्यानात आले आणि ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली. १९५९ मध्ये नेब्रास्का येथील मनोविकार संस्थेने दुहेरी दूरचित्रवाणीवरून उपचारांचे प्रयोग केले. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ हा संवाद करणारा संगणकीय कार्यक्रम लिहिला आणि माणसे त्या यंत्रापुढेही मन मोकळे करतात हे पाहून ते स्वतःच अस्वस्थ झाले. पुढे स्वीडन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत इंटरनेटवरून विचार-वर्तन उपचारांचे पाठ देण्याची पद्धत तपासली गेली. नैराश्य आणि चिंता यांवर ती समोरासमोरच्या उपचारांच्या जवळपास जाणारी ठरते. मात्र सोबत मार्गदर्शक माणूस असला तर. माणूस वगळला की पुष्कळ जण पाठ अर्ध्यावर सोडतात. इतक्या वर्षांच्या अनुभवातून निघालेला हा धडा आजच्या प्रत्येक ॲपला लागू आहे.

मराठीतील समुपदेशनाची एक महत्त्वाची शाखाही दूरसंवादातूनच रुजली. डॉ. कि. मो. फडके यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कमधील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्याशी पत्रव्यवहार केला. तीन दशकांहून अधिक काळ चाललेल्या या पत्रांतून त्यांनी विवेकनिष्ठ मानसोपचार आत्मसात केला आणि तो मराठी माणसाच्या बोलीत आणला. टपालाने पत्र पोहोचायला दिवसचे दिवस लागत. तरी प्रश्न, शंका, खंडन आणि दुरुस्ती यांतून एक शास्त्र इथे येऊन रुजले. अंतर असूनही शिस्तबद्ध संवाद किती खोल जाऊ शकतो, याचा हा आपल्या घरचा पुरावा आहे.

पुण्याकडे या कामाचा मोठा वारसा आहे. येरवड्याचे प्रादेशिक मनोरुग्णालय शतकाहून जुने. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी यांच्यासह राज्यातील चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक. ‘येरवड्याला पाठवा’ हे वाक्य पुण्यात पिढ्यानपिढ्या टिंगलीत वापरले गेले आणि त्या टिंगलीच्या भीतीने कितीतरी माणसांनी मदत घेतली नाही. पण त्याच आवारात १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. पु. ल. देशपांडे यांनी त्याला आर्थिक बळ दिले. व्यसनी माणसाबरोबर त्याची बायको, आईवडील आणि मुलेही होरपळलेली असतात, त्यांनाही बोलण्याची जागा हवी, हे मुक्तांगणने कामाचा भाग करून दाखवले.

त्याआधी १९६२ मध्ये मानसशास्त्राचे अभ्यासक अप्पा पेंडसे यांनी ज्ञानप्रबोधिनी स्थापन केली आणि शिक्षणाला मानसशास्त्राची जोड दिली. विद्या बाळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नारी समता मंचाने ‘बोलते व्हा’ केंद्रातून अन्याय सोसणाऱ्या स्त्रियांना ऐकून घेतले आणि पुढे पुरुषांसाठीही संवाद केंद्र उघडले. १९८७ मध्ये संजीवनी कुलकर्णी यांनी ‘पालकनीती’ मासिक सुरू केले. मूल वाढवताना आईबापांनी स्वतःकडे पाहावे, हा आग्रह या मासिकाने आणि गरवारे बालभवनातून शोभा भागवत यांनी सातत्याने धरला. १९९० मध्ये ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी उभारलेल्या ‘आयपीएच’ या मानसिक आरोग्य संस्थेचे काम पुण्यापर्यंत आले. १९९७ मध्ये डॉ. जगन्नाथ वाणी यांच्या पुढाकाराने स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन झाली आणि रुग्णाची काळजी घेणाऱ्या कुटुंबीयांचे गट जमू लागले. भार्गवी दावर यांच्या बापू ट्रस्टने शहरातील वस्त्यांत काम केले. २००५ पासून ‘कनेक्टिंग’ या संस्थेचे स्वयंसेवक दूरध्वनीवर निराश माणसांचे ऐकत आले आहेत. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’, ‘अस्तु’ आणि ‘कासव’ या चित्रपटांनी मनाचे आजार मराठी घरांतल्या बोलण्यात आणले. फोनच्या पडद्यावरचे आजचे समुपदेशन या सगळ्या मेहनतीच्या खांद्यावर उभे आहे. त्याचा आरंभ कोविडपासून मानणे हा या माणसांवर अन्याय ठरेल.

समुपदेशनाचे प्रमुख प्रवाहही इथे थोडक्यात ओळखून घेऊ. मनोविश्लेषणाच्या परंपरेत आजच्या वागण्याची मुळे बालपणात आणि नकळत दडपलेल्या भावनांत शोधली जातात. कार्ल रॉजर्स यांनी १९४० च्या दशकात समुपदेशकाच्या अधिकारवाणीला बाजूला सारले. निखळ स्वीकार, समानुभूती आणि प्रामाणिकपणा मिळाला की माणूस स्वतःची वाट काढतो, असे त्यांनी मांडले. एलिस आणि ॲरन बेक यांनी विचार, भावना आणि कृती यांची साखळी उलगडली. ‘माझ्या मुलाने पहिलाच नंबर काढला पाहिजे’ या हट्टाखाली दबलेल्या आईला हा प्रवाह फार उपयोगी पडतो. कुटुंबोपचारात एका माणसाला ‘समस्या’ न मानता घरातली सगळी नाती तपासली जातात. मायकेल व्हाइट आणि डेव्हिड एप्स्टन यांच्या कथनोपचारात माणूस आणि त्याची अडचण वेगळी केली जाते. भेटीनंतर समुपदेशकाने पत्र लिहिण्याची त्यांची रीत लेखी ऑनलाइन संवादाला अगदी जवळची आहे.

आघाताच्या कामाला ज्युडिथ हर्मन यांच्या १९९२ च्या ग्रंथाने चौकट दिली: आधी सुरक्षितता, मग स्मरण आणि शोक, आणि त्यानंतर जगाशी पुन्हा नाते. ऑनलाइन काम करणाऱ्याने हा क्रम कधीही विसरू नये. समोरचा माणूस सुरक्षित जागी आहे का, कॉल संपल्यावर त्याच्याजवळ कोणी असेल का, हे माहीत नसताना जुनी जखम उघडणे धोक्याचे असते. श्वास, पायाखालची जमीन, खोलीतल्या दिसणाऱ्या वस्तू यांच्या आधाराने माणसाला वर्तमानात टिकवणे ही साधी वाटणारी कौशल्ये इथे सर्वांत आधी शिकावी लागतात.

शेवटचा प्रवाह समुदायाचा. गोव्यातील ‘संगत’ या संस्थेने प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांकडून आरोग्य केंद्रांतील नैराश्यग्रस्तांना थोड्या भेटींत मदत करवली आणि ती परिणामकारक ठरल्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य कायदा व धोरण केंद्राने ‘आत्मीयता’ हा उपक्रम आधी नाशिक जिल्ह्यातील गावांत राबवला. तिथे गावातल्याच स्वयंसेवकांच्या हाती स्मार्टफोनवरच्या छोट्या फिल्म होत्या. तज्ज्ञ थोडे आणि गरजू अफाट असलेल्या देशाला हा मार्ग सोडून चालणार नाही.

महाराष्ट्राने सामूहिक आघातही पुष्कळ पाहिले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यातील नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. घरे पुन्हा बांधली गेली. मनांची विचारपूस करणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर चित्र थोडे बदलले. डॉ. मोहन आगाशे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास केला आणि पुनर्वसनात मनाचाही विचार हवा, हा मुद्दा पुढे आला. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण गाव दरडीखाली गाडले गेले, तेव्हा वाचलेल्या माणसांशी बोलायला कोणीतरी जायला हवे, हे वेगळे पटवावे लागले नाही.

मग कोविड आला. ९ मार्च २०२० रोजी राज्यातील पहिले रुग्ण पुण्यातच आढळले. २५ मार्चला देश बंद झाला आणि त्याच दिवशी केंद्र सरकारने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. समुपदेशन केंद्रांची दारे बंद होती, स्मशानात मोजकी माणसे जाऊ शकत होती, आणि शेवटचे दर्शनही न घेता आलेल्या मुलांचा शोक फोनवरच ऐकावा लागत होता. ऑनलाइन समुपदेशनाला कधीच दाद न देणाऱ्या ज्येष्ठ समुपदेशकांनीही त्या काळात हे माध्यम शिकून घेतले.

आजची गरज आकड्यांतही दिसते. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. उपचारांपासून दूर राहणाऱ्यांचे प्रमाण वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के होते. हे सर्वेक्षण ज्या बारा राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. पण इथले चित्र फार निराळे मानायला आधार नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा हक्क मानला, गोपनीयतेची हमी दिली, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरून त्याला शिक्षेपासून संरक्षण दिले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी ‘टेली-मानस’ ही सरकारी मदतवाहिनी सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात २०२३ मध्ये सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी तिचा स्वतंत्र कक्ष उघडला. प्रत्येक घरातल्या फोनमध्ये हा क्रमांक असायला हवा.

आता धोक्यांविषयी, तितक्याच स्पष्टपणे. घरात आलेल्या समुपदेशनाला घरात जागा लागते. दोन खोल्यांच्या घरात, भिंतीपलीकडे सासरे टीव्ही पाहत असताना, सून नवऱ्याच्या मारहाणीविषयी कशी बोलणार? अशा वेळी कॉलची वेळ, खोलीत कोणी आल्यास बोलायचा ठरलेला शब्द, लेखी संवाद पुसून टाकण्याची रीत हे सारे आधी ठरवावे लागते. जिथे जिवाला धोका आहे, तिथे पडद्यावर विसंबून चालत नाही. पहिल्याच भेटीत सध्याचा पत्ता, विश्वासातल्या माणसाचा क्रमांक आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव विचारणे हे समुपदेशकाचे कर्तव्य आहे. तीव्र नैराश्य, भास, व्यसन सोडतानाचा शारीरिक त्रास यांत प्रत्यक्ष तपासणी टाळता येत नाही.

दुसरा धोका पात्रतेचा. दूरवैद्यकाची तत्त्वे नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत. ‘समुपदेशक’ अशी पाटी मात्र आजही कोणीही लावू शकतो. संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी २०२१ मध्ये झालेल्या कायद्याने नोंदणीची चौकट आखली, ती प्रत्यक्षात उतरण्याचे काम अजून चालू आहे. तोवर समुपदेशकाचे शिक्षण, त्याच्या कामावर देखरेख करणारा ज्येष्ठ आणि शुल्क यांविषयी मोकळेपणाने विचारावे. चांगला समुपदेशक या प्रश्नांनी दुखावत नाही. तिसरा धोका माहितीचा. २०२३ मध्ये वैयक्तिक विदा संरक्षणाचा कायदा झाला, तरी आपले बोलणे कुठे साठते आणि कोण वाचते हे ॲप वापरणाऱ्याला क्वचितच सांगितले जाते. आणि आता मध्यरात्री संवाद-यंत्राशी मन मोकळे करणारी माणसे वाढत आहेत. माहितीसाठी ते यंत्र उपयोगी पडेल. पण आघात सोसलेल्या माणसाला उद्या पुन्हा विचारपूस करणारा, चुकले तर जबाबदारी घेणारा माणूस हवा. ती जबाबदारी यंत्र उचलत नाही.

या पुस्तकात समुपदेशक, मनोविकारतज्ज्ञ, सामाजिक कार्यकर्ते आणि स्वतः मदत घेतलेले पालक एकत्र आले आहेत. कोणाचीही ओळख पटू नये म्हणून अनुभवांतील तपशील बदललेले आहेत. हे स्वयंउपचाराचे पुस्तक नाही आणि कोणत्याही एका पद्धतीची तरफदारीही ते करत नाही. पालकांना मदत कशी मागावी हे कळावे, नव्या समुपदेशकांना या माध्यमाची शिस्त समजावी, आणि शाळा, कंपन्या व गृहसंस्था यांना आपली भूमिका दिसावी, एवढे ते करू पाहते. पालकसभेत गुणांबरोबर पालकांच्या ताणाविषयी बोलणारी शाळा, कर्मचाऱ्याला दुपारी तासभर दार लावून बोलायला खोली देणारी कंपनी, ज्येष्ठांना व्हिडिओ कॉल शिकवणारी सोसायटी या तिन्ही गोष्टी या शहरात आजपासून शक्य आहेत. त्यासाठी कोणत्याही नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.

आईवडिलांनी स्वतःसाठी मदत घेणे हे मुलांच्या वाट्याचे काही काढून घेणे नव्हे. घरातले मोठे माणूस आपल्याला जड जाते आहे असे सांगते, मदत मागते आणि सावरते, हे मुले पाहत असतात. पुढे कधी त्यांच्यावर तशी वेळ आली, तर मदत मागण्यात लाज नसते हे त्यांना कोणी वेगळे शिकवावे लागणार नाही.